एका तारेवर दोन जाळी: केळीपट्ट्यातल्या एका इंटरनेट पुरवठादाराचं प्रकरण

सावदा, फैजपूर आणि रावेर या तीन ठिकाणी मिळून ३,००० घरगुती जोडण्या. त्याशिवाय पतसंस्था, पेट्रोल पंप, केळी पिकवायची रायपनिंग चेंबरं आणि कापसाची जिनिंग अशा ९० जोडण्या, ज्यांना कायमचा ठरलेला पत्ता हवा असतो. पुरवठादाराचं नाव इथे दिलेलं नाही आणि हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. मांडणी मात्र खान्देशातल्या बहुतेक छोट्या पुरवठादारांकडे दिसते तीच. प्रत्येक गावात एक ओएलटी, म्हणजे फायबरचं गावातलं मुख्य यंत्र, तिथून स्प्लिटरमार्गे फाटे फुटून घराघरांत फायबर, घरात ओएनयू, म्हणजे फायबरचं शेवटच्या टोकाचं यंत्र. ग्राहकाचं लॉगिन पीपीपीओई या पद्धतीने, हिशेब ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरवर, आणि मधोमध सगळ्यांची सेशन धरणारा मायक्रोटिक कंपनीचा एक मोठा राउटर. वरून दोन लाइन, एक मुख्य आणि एक राखीव. स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर स्वतंत्र जाळं म्हणून ओळख, आणि आयपीव्ही४ (पुढे व्हीफोर) या जुन्या पत्तापद्धतीचे २५६ पत्ते, म्हणजे एक /२४. तिरप्या रेघेनंतरचा आकडा पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत ते सांगतो; आकडा जितका लहान तितका गठ्ठा मोठा.

तक्रारी चार प्रकारच्या होत्या. संध्याकाळी आठनंतर स्पीड टेस्ट पूर्ण वेग दाखवते, पण पानं अडखळत उघडतात. सर्च करताना "तुम्ही रोबोट नाही ना" हे कोडं वारंवार समोर येतं. व्हॉट्सॲप कॉल थोडा वेळ शांतता झाली की तुटतो. आणि चौथी, सगळ्यात जास्त वेळा येणारी: "भाऊ, नेट चालू आहे, पण चेंबरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही."

या चारही तक्रारींचं मूळ एकच होतं, पत्ते कमी आणि घरं जास्त. त्यावर उपाय म्हणून जुन्या व्हीफोरच्या जोडीला त्याच तारेवर नवी पत्तापद्धत, आयपीव्ही६ (पुढे व्हीसिक्स), कशी आणली त्याचं हे प्रकरण.

आयपीव्ही४ ची व्याख्या १९८१ ची. पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्यानंतर नव्या सदस्याला मोजून-मापूनच मिळतं. आजच्या धोरणात कमाल /२३, म्हणजे ५१२ पत्ते. भारतात हे वाटप निक्सीच्या आयआरआयएनएनमार्फत होतं. आणखी हवे असतील तर बाजारातून विकत किंवा भाड्याने घ्यायचे. तालुक्याच्या पुरवठादाराला ते परवडत नाही.

आयपीव्ही६ चा पहिला मसुदा-मानक डिसेंबर १९९८ चा आणि पूर्ण मानक म्हणून शिक्का जुलै २०१७ चा. पत्ता १२८ बिटांचा. नोंदणी संस्थेकडून पुरवठादाराला किमान /३२ मिळतो आणि त्यात घराला /५६ या हिशेबाने १,६७,७७,२१६ घरं बसतात. म्हणजे पत्त्यांची टंचाई हा प्रश्नच उरत नाही. अडचण वेगळी आहे. व्हीफोरचं यंत्र आणि व्हीसिक्सचं यंत्र एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. पॅकेटचं शीर्षच निराळं. व्हीफोरचं किमान २० बाइटचं आणि वाढतं, त्यात चेकसम, म्हणजे चूक पकडणारी बेरीज. व्हीसिक्सचं कायम ४० बाइटचं, चेकसम नाही. व्हीफोरमध्ये वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करू शकतो, व्हीसिक्समध्ये फक्त पाठवणाराच करतो. व्हीफोरमध्ये शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता एआरपीने ब्रॉडकास्ट करून विचारतात. व्हीसिक्समध्ये ब्रॉडकास्टच नाही, ते काम आयसीएमपीव्ही६ या जाळ्याचे निरोप पोहोचवणाऱ्या पद्धतीतल्या नेबर डिस्कव्हरीकडे आहे. म्हणून व्हीसिक्स "चालू करणं" याचा अर्थ त्याच फायबरवर दुसरं स्वतंत्र जाळं उभं करणं. त्याचं राउटिंग वेगळं, फायरवॉल वेगळी, देखरेख वेगळी आणि बिघाडही वेगळे. हे ज्याने आधी मनाशी पक्कं केलं त्याचं काम निम्मं सोपं होतं. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीत कोणीतरी "व्हीफोरला लावलंय ना, मग याला लागू असेलच" असं धरून चाललेलं होतं.

आधी जुनं घर नीट

पहिला निर्णय व्हीसिक्सचा नव्हता, आणि तो बरोबर होता. आधी सीजीनॅट, म्हणजे अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारं पुरवठादाराकडचं पत्ता-भाषांतर (नॅट), दुरुस्त केलं.

तोवर ३,००० घरं ४ सार्वजनिक पत्त्यांमागे लपवलेली होती. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचे क्रमांक. पहिले १,०२४ सोडले तर ६४,५१२ उरतात. एका पत्त्यामागे ७५० घरं, म्हणजे घरटी ८६ पोर्ट. एका फोनवर दोन-तीन ॲप आणि ब्राउझरची पाच पानं उघडी असली तरी हा आकडा सहज ओलांडतो. सगळं एकदम का बंद पडत नाही, याचं कारण असं की नॅट करणारा राउटर वेगवेगळ्या ठिकाणांसाठी तोच पोर्ट पुन्हा वापरू शकतो. टंचाई आधी जाणवते ती जिथे सगळे एकाच ठिकाणी जातात तिथे: सार्वजनिक डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), एखादी बँक, एखादा गेमचा सर्व्हर. म्हणूनच स्पीड टेस्ट उत्तम आणि पानं अडखळत, असं विचित्र चित्र दिसत होतं.

नवी वाटणी अशी केली: २५६ पैकी ९६ पत्ते सीजीनॅटला, ९६ ठरलेल्या पत्त्याच्या ग्राहकांना, ६४ राउटर, सर्व्हर आणि राखीव. ९६ पत्त्यांवर प्रत्येकी ३२ घरं, म्हणजे ३,०७२ घरांची सोय, आणि प्रत्येक घराला २,०१६ पोर्टचा ठरलेला गठ्ठा. ६४ घरं बसवली असती तर १,००८ पोर्ट आले असते. तेही चालतं, पण टीव्ही, चार-पाच फोन आणि घरी शिकवणी असलेल्या घरात कमी पडतं. व्हीसिक्स पसरलं की हा भार आपोआप हलका होतो, म्हणून पुढे ग्राहक वाढले की ६४ वर जायची वाट मोकळी ठेवली.

ग्राहकांना आतला पत्ता १० ने सुरू होणारा दिला जात होता. तो बदलून १००.६४.०.०/१० या पट्ट्यातला दिला. हा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. घरच्या राउटरने आत १० चाच पट्टा वापरला असेल तर बाहेर आणि आत तोच पट्टा येऊन राउटर गोंधळतो, १००.६४ मुळे ती टक्कर टळते.

व्हॉट्सॲप कॉलची तक्रार एका आकड्यात अडकली होती. कॉल ज्यावर चालतात त्या यूडीपी पद्धतीची नॅटमधली नोंद ३० सेकंद शांतता झाली की पुसली जात होती. मानक म्हणतं २ मिनिटांपेक्षा कमी नको, ५ मिनिटं असावीत. ३०० सेकंद केली, फक्त डीएनएसच्या पोर्टला कमी ठेवली. आणि स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवून ग्राहकांना तोच दिला, त्यामुळे हजारो घरांचे डीएनएसचे प्रश्न नॅटमधून जाणंच थांबलं.

फक्त व्हीसिक्स का नाही

मोबाइल कंपन्या ग्राहकाला फक्त व्हीसिक्स देऊन जुन्या ठिकाणांसाठी मध्ये भाषांतर करू शकतात. नॅट६४ आणि डीएनएस६४ ही त्याची साधनं. ज्या ॲपमध्ये व्हीफोरचा पत्ता थेट लिहिलेला असतो त्यांच्यासाठी फोनमध्येच दुसरं भाषांतर बसवलेलं असतं. ४६४एक्सलॅट म्हणतात ती पद्धत. अँड्रॉइडमध्ये ती २०१३ पासून आहे, आणि ॲपलने १ जून २०१६ पासून ॲप स्टोअरवर येणारं प्रत्येक ॲप फक्त व्हीसिक्सच्या जाळ्यावर चाललंच पाहिजे अशी अट घातली.

तारेवरच्या पुरवठादाराला हे जमत नाही, कारण घरातलं सामान त्याच्या हातात नसतं. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), प्रिंटर, जुना टीव्ही, पतसंस्थेतलं बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र यांना व्हीसिक्स माहीतच नाही. भाषांतराचं काम घरच्या राउटरने करायला हवं, आणि ग्राहकाने बाजारातून आणलेल्या स्वस्त राउटरमध्ये ती सोय नसते. म्हणून ड्युअल स्टॅक: प्रत्येक घराला सीजीनॅटमागचा एक व्हीफोर पत्ता आणि त्याच सेशनवर व्हीसिक्सचा /५६. ज्याचा राउटर व्हीसिक्स समजत नाही त्याचं काहीच बिघडत नाही, तो आहे तसा चालतो. युट्यूब, गुगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, नेटफ्लिक्स हे सगळे दोन्ही पत्त्यांवर आहेत. संध्याकाळचा जड ट्रॅफिक तिथलाच असतो, म्हणून तो नॅटला वळसा घालून जातो.

पत्त्यांची आखणी

इथे उदाहरणासाठी राखीव असलेला २००१:डीबी८::/३२ हा पट्टा वापरला आहे. गावाला /३६ दिला:

सावदा – २००१:डीबी८:१०००::/३६
फैजपूर – २००१:डीबी८:२०००::/३६
रावेर – २००१:डीबी८:३०००::/३६

शून्याचा /३६ राउटर-सर्व्हरसाठी आणि बारा पुढच्या गावांसाठी मोकळे. एका /३६ मध्ये १०,४८,५७६ घरं बसतात, तेव्हा काटकसर करायचं कारण नाही. चार बिटांच्या हद्दीवर कापलं की पत्ता वाचताच गाव कळतं: तिसऱ्या गटाचा पहिला अंक १ म्हणजे सावदा. रात्री दोन वाजता बिघाड शोधणाऱ्याला याची किंमत कळते. सावद्याचं पहिलं घर २००१:डीबी८:१०००:०::/५६, दुसरं २००१:डीबी८:१०००:१००::/५६, तिसरं २००१:डीबी८:१०००:२००::/५६. प्रत्येक घरात /६४ चे २५६ तुकडे होतात. घराला एकच /६४ देऊन भागवायचा मोह होतो, पण पाहुण्यांचं वायफाय किंवा कॅमेऱ्याचं वेगळं जाळं करायची वेळ आली की तिथेच अडतं.

राउटिंगमध्ये दोन गोष्टी राहून गेल्या तर दिसत नाहीत आणि नंतर नडतात. पहिली: संपूर्ण /३२ साठी मुख्य राउटरवर एक "पोहोचत नाही" असा मार्ग लावायचा. नाहीतर न दिलेल्या पत्त्यासाठी आलेलं पॅकेट डिफॉल्ट मार्गाने परत वर जातं, वरचा पुन्हा खाली पाठवतो, आणि हॉप लिमिट (किती राउटर ओलांडता येतील याची मर्यादा) संपेपर्यंत ते लाइनवर फेऱ्या मारतं. दुसरी: आरपीकेआयची नोंद, म्हणजे हे पत्ते जाहीर करायचा हक्क कोणाचा ते सांगणारी नोंद. /३२ ची नोंद केली पण कमाल लांबी दिली नाही, आणि ट्रॅफिक वाटण्यासाठी बाहेर /३६ जाहीर केले, तर ते /३६ अवैध ठरतात आणि तपासणी करणारी जाळी ते टाकून देतात. मग इंटरनेटचा काही भाग दिसतो, काही नाही.

जोडणीचा क्रम

पीपीपीओईवर व्हीसिक्स कसं चढतं हे समजल्याशिवाय बिघाड सापडत नाही. लॉगिन झालं की व्हीफोरचा पत्ता आयपीसीपीमध्येच, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीतच, मिळतो. व्हीसिक्समध्ये आयपीव्ही६सीपी फक्त दोन्ही टोकांची ओळख ठरवतं, पत्ता देत नाही. मग घरचा राउटर डीएचसीपीव्ही६ या पत्ते मागायच्या पद्धतीने प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा पुढचा भाग, मागतो, मुख्य राउटर /५६ देतो, आणि घरचा राउटर त्यातला एक /६४ काढून राउटर ॲडव्हर्टाइझमेंटने आतल्या फोन-लॅपटॉपला कळवतो. ते आपापला पत्ता स्वतः बनवतात. या शेवटच्या पायरीवर आत डीएचसीपीव्ही६ वरच विसंबू नये. अँड्रॉइडचे फोन त्यावरून पत्ता मागत नाहीत, त्यांना स्वयंपत्ता, म्हणजे स्लॅकच लागतं.

जाळ्यात बदल वरून खाली केले. आधी वरच्या लाइनवर बीजीपीचं (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) व्हीसिक्ससाठी वेगळं सेशन, मग मुख्य राउटर, मग रिझॉल्व्हर, मग देखरेखीचा सर्व्हर, मग सावद्याच्या ओएलटीवरचा एकच पीओएन पोर्ट, म्हणजे फायबरची एकच शाखा. मायक्रोटिकच्या जुन्या सहाव्या मालिकेत व्हीसिक्सचं पॅकेज मुळात बंद असतं आणि ते सुरू करायला राउटर रीबूट करावा लागतो, हे लक्षात ठेवून वेळ ठरवायची. ओएनयूच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये आयपी मोड दोन्हीचा, प्रीफिक्स डेलिगेशन चालू, आणि लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) पानावर राउटर ॲडव्हर्टाइझमेंट चालू, अशा तीन खुणा. तिसरी विसरली की राउटरला प्रीफिक्स मिळतो, फोनला काहीच नाही, आणि दोष मात्र मुख्य राउटरकडे शोधला जातो.

घरच्या राउटरची फायरवॉल हा सगळ्यात गंभीर मुद्दा. व्हीफोरमध्ये नॅटमुळे बाहेरून आत येणारं आपसूक अडतं, आणि लोक त्यालाच सुरक्षा समजतात. व्हीसिक्समध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राचा पत्ता बाहेरून गाठता येतो. "आतून सुरू झालेल्याचं उत्तर आत येऊ द्या, बाकी अडवा" हा नियम राउटरमध्ये व्हीसिक्ससाठी वेगळा चालू आहे का, हे प्रत्येक ओएनयू मॉडेलवर बाहेरून पोर्ट तपासून पाहावं. ज्या मॉडेलमध्ये तो नव्हता त्यांना फर्मवेअर बदलेपर्यंत व्हीसिक्स दिलं नाही. २०१६ मधल्या मिराई हल्ल्यात कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले डीव्हीआर आणि कॅमेरे लाखांनी वापरले गेले होते. तसलेच डीव्हीआर आजही गावोगावी भिंतीवर आहेत.

युट्यूब चालतं, बँक अडकते

पहिल्या पीओएनवर व्हीसिक्स सुरू होताच नवी तक्रार आली. युट्यूब झकास, व्हॉट्सॲप चालू, पिंग येतो, पण काही बँकांची आणि सरकारी पोर्टलची पानं नुसती फिरत राहतात. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान लगेच उघडतं.

कारण पॅकेटच्या मापात होतं. इथरनेटवर १,५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ घेतं, उरतात १,४९२. बँकेच्या सर्व्हरने १,५०० चं पॅकेट पाठवलं की ते मुख्य राउटरपाशी येऊन अडतं. व्हीफोरमध्ये एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचं कमाल माप) १,४५२ वर बांधणारा नियम होता, म्हणून हा प्रश्न कधी दिसलाच नव्हता. व्हीसिक्सला तो नियम नव्हता, आणि राउटरला तुकडे पाडायची मुभाही नाही. अशा वेळी राउटरने "पॅकेट मोठं आहे" असा आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ चा निरोप सर्व्हरला पाठवायचा असतो. तो निरोप फायरवॉलमध्ये मरत होता, कारण "पिंग बंद ठेवलेलं बरं" म्हणून आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवलेलं होतं.

लक्षण मात्र नीट वाचण्यासारखं. पानं ज्या जोडणीवरून येतात त्या टीसीपीची ओळखपरेड छोट्या पॅकेटांची असते, ती पार पडते. नंतर सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटचं, पूर्ण मापाच्या पॅकेटांत, आणि तिथेच सगळं गोठतं. युट्यूब क्विक या यूडीपीवरच्या पद्धतीने चालतं, त्याची पॅकेटं मुळातच लहान मापाची असतात, म्हणून ते सुटतं. ब्राउझरमध्ये "व्हीसिक्स जमलं नाही तर व्हीफोर" अशी सोय असते, पण इथे ती उपयोगी पडत नाही. जोडणी झालेली असते, म्हणून ब्राउझर व्हीसिक्स जिंकलं असंच समजतो.

उपाय तीन, आणि तिन्ही लावायचे. आयसीएमपीव्ही६ चे प्रकार १ ते ४ दोन्ही दिशांना मोकळे. १२८-१२९ चं पिंग हवं तर मर्यादित दराने. नेबर डिस्कव्हरीचे १३३ ते १३६ फक्त जवळच्या लिंकवर, हॉप लिमिट २५५ असेल तरच. व्हीसिक्ससाठी एमएसएस १,४३२ चा वेगळा नियम: १,४९२ मधून ४० चं शीर्ष आणि २० चं टीसीपी वजा. आणि घरच्या राउटरने आतल्या राउटर ॲडव्हर्टाइझमेंटमध्ये एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १,४९२ सांगावा. तपासणीसाठी लिनक्सवरून तुकडे न पाडण्याचा पर्याय लावून १,४४४ बाइट मजकुराचा व्हीसिक्स पिंग द्यावा; ८ आणि ४० मिळवून तो बरोबर १,४९२ होतो. तो गेला आणि १,४४५ चा गेला नाही तर माप ठीक आहे.

लाइट गेली की पत्ता बदलतो

हा बिघाड पुस्तकात मागच्या पानांवर असतो, पण जिथे भारनियमन आहे तिथे तो रोजचा होतो. लाइट जाते, घरचा राउटर बंद पडतो, लॅपटॉप आणि फोन बॅटरीवर चालू राहतात. लाइट येते, राउटर नव्याने लॉगिन करतो, आणि पूलमधून त्याला दुसराच /५६ मिळतो. फोनला नवा प्रीफिक्स कळतो, पण जुना त्याच्याकडे अजून जिवंत असतो. राउटर रीबूट झाल्यामुळे जुना प्रीफिक्स कोणता होता हेच विसरलेला असतो, म्हणून "तो सोडून द्या" असं कळवूही शकत नाही. मूळ मानकातल्या मुदती घेतल्या तर जुना पत्ता ७ दिवस पसंतीचा आणि ३० दिवस वैध राहतो. फोन जुन्या पत्त्यावरून पॅकेट पाठवतो, मुख्य राउटर ते परकं म्हणून टाकून देतो. ग्राहकाला दिसतं एवढंच, की लाइट आल्यावर नेट "जड" झालं, आणि वायफाय बंद-चालू केलं की सुधारलं.

खरा उपाय ग्राहकाचा प्रीफिक्स कायमचा ठेवणं. रेडियसमध्ये प्रत्येक युजरनेमसमोर त्याचा /५६ डेलिगेटेड-आयपीव्ही६-प्रीफिक्स या रकान्यात लिहिला, की कितीही वेळा लाइट जावो, घराला तेच मिळतं. तीन हजार नोंदी हाताने करायच्या नाहीत. ग्राहक क्रमांकावरून एक छोटी स्क्रिप्ट त्या बनवते. जोडीला, जिथे ओएनयूमध्ये बदलता येतात तिथे मुदती २,७०० आणि ५,४०० सेकंद केल्या. व्हीफोरमध्ये कायमचा पत्ता ही पैसे मोजून घ्यायची सोय आहे, म्हणून काही पुरवठादार व्हीसिक्सही मुद्दाम बदलता ठेवून कायमच्या पत्त्याचे वेगळे पैसे लावतात. ज्याची टंचाईच नाही त्याची कृत्रिम टंचाई करून आपल्याच हेल्पलाइनवर फोन वाढवून घेण्यासारखं आहे ते.

एक किरकोळ पण फसवा प्रकार रावेरला दिसला: ग्राहकाने ओएनयूची वायर राउटरच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचली. त्याचा राउटर शेजाऱ्यांना आपणच रस्ता असल्याचं सांगू लागला. ओएलटीवर ग्राहक-ग्राहक वेगळे ठेवण्याचं सेटिंग व्हीएलएएनवर, म्हणजे त्या ग्राहकांच्या सामायिक जाळ्यावर, लावलं की ते थांबतं.

दुसऱ्याचा बिघाड आपल्या दारात

काही संकेतस्थळांची डीएनएसमध्ये व्हीसिक्सची नोंद असते, पण सर्व्हर त्या पत्त्यावर ऐकतच नसतो. ब्राउझर हे झाकतात: व्हीसिक्सला साधारण २५० मिलिसेकंद पुढे सोडतात, उत्तर आलं नाही की व्हीफोर सुरू करतात. पण सेवा केंद्रातली आणि अकाउंटंटकडची जुनी सॉफ्टवेअरं ही चतुराई करत नाहीत. विंडोजवर ती साधारण २१ सेकंद वाट पाहून मग व्हीफोरकडे वळतात, आणि ग्राहक म्हणतो, "तुमचं नवं नेट आल्यापासून फॉर्म भरत नाही."

संगणकावर व्हीसिक्स बंद करणं हा मेकॅनिकचा आवडता इलाज, आणि तो टाळायला हवा. तो कायमचा राहतो, आणि दोन वर्षांनी त्या संगणकाचा दुसराच बिघाड कोणाला कळत नाही. रिझॉल्व्हरवर त्या एका नावापुरतंच व्हीसिक्सचं उत्तर दाबावं, वहीत तारीख लिहावी, त्या संकेतस्थळाला कळवावं आणि महिन्याने दाबलेलं उघडून पाहावं.

रायपनिंग चेंबरचा कॅमेरा

चेंबरमध्ये केळी साधारण १६ ते १८ अंशांवर, इथिलीन देऊन पिकवतात. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर खोलीभर माल जातो, म्हणून मालकाला तापमानाचा कंट्रोलर आणि डीव्हीआर दोन्ही घरबसल्या दिसायला हवेत. दोन्ही यंत्रं फक्त व्हीफोरची. सीजीनॅटमागे पोर्ट फॉरवर्डिंग करून उपयोग नाही, कारण सार्वजनिक पत्ता त्याच्या राउटरवर नसतोच. ठरलेला व्हीफोर पत्ता देता येतो, पण मग डीव्हीआर साऱ्या जगासमोर उघडा.

इथे दोन्ही आवृत्त्या एकमेकींच्या उपयोगी पडतात. चेंबरवर वायरगार्ड, म्हणजे दोन ठिकाणांमधला कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन), चालवणारा राउटर बसवला. मायक्रोटिकची सातवी मालिका किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर चालतं. तो ऐकतो कायमच्या व्हीसिक्स पत्त्यावर, फायरवॉलमध्ये फक्त तो एक यूडीपी पोर्ट उघडा. मालकाच्या फोनला मोबाइल डेटावर बहुधा व्हीसिक्स मिळतं, तिथून बोगदा जोडला जातो आणि आतून जुना व्हीफोर वाहतो. डीव्हीआरला वाटतं फोन आपल्याच वायफायवर आहे.

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चेंबरचं आतलं जाळं १९२.१६८.१.० वर ठेवू नये, कारण मालकाच्या घरी तेच असतं आणि फोनला कुठे जायचं ते कळत नाही, १९२.१६८.७७.० सारखं वेगळं घ्यावं. वायरगार्डचा एमटीयू १,४१२ ठेवावा, १,४९२ मधून व्हीसिक्सवरचा ८० बाइटचा खर्च वजा करून. चित्र तरीही अडकत असेल तर १,२८०. आणि फक्त व्हीफोर असलेल्या वायफायवरून, म्हणजे लग्नघरी किंवा हॉटेलात, हा बोगदा जोडला जाणार नाही. तिथे फोनचं वायफाय बंद करायचं, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं.

सायबर पोलिसांचं पत्र

अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता, हे सायबर पोलीस पत्राने विचारतात. दूरसंचार परवान्याच्या डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर वापराच्या नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून. प्रत्येक जोडणीची नॅट नोंद ठेवली तर काय होतं ते बघा: घरटी दिवसाला १०,००० जोडण्या आणि ओळीला १५० बाइट धरले तर ३,००० घरांचे रोज ४.५ जीबी, दोन वर्षांचे ३ टीबीहून जास्त. पोर्टचे गठ्ठे ठरलेले असले की सेशनला एकच ओळ पुरते: युजरनेम, आतला पत्ता, सार्वजनिक पत्ता, पोर्ट कुठून कुठवर, व्हीसिक्सचा /५६, सुरू आणि बंद होण्याची वेळ.

व्हीफोरच्या पत्रात पत्त्यासोबत पोर्ट नसेल तर एका पत्त्यामागची ३२ घरं समोर येतात, आणि अंदाजाने त्यातलं एक नाव कळवणं हा एखाद्या निरपराध कुटुंबावरचा अन्याय आहे. अशा वेळी पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लेखी मागावी. परदेशी कंपन्यांच्या नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर चुकीचं घर सापडतं. व्हीसिक्समध्ये पत्ता थेट घराकडे नेतो. फोन आपल्या पत्त्याचा मागचा भाग रोज बदलत असला तरी पुढचा /५६ घराचाच राहतो.

राखीव लाइन

एक काम अजून बाकी आहे. मुख्य लाइनवर व्हीसिक्स मिळतं, राखीव लाइनच्या पुरवठादाराने अजून दिलेलं नाही. मुख्य लाइन तुटली की व्हीफोर काही सेकंदांत राखीववर जातं, व्हीसिक्सला जागाच नसते. अशा वेळी मुख्य राउटरने व्हीसिक्सची पॅकेटं गपचूप गिळू नयेत. वरून बीजीपीने येणारा डिफॉल्ट मार्ग नाहीसा झाला पाहिजे, म्हणजे राउटर प्रत्येक पॅकेटला "मार्ग नाही" असा प्रकार १ चा निरोप परत देतो आणि फोन लगेच व्हीफोरकडे वळतात. हाताने लिहिलेला स्थिर डिफॉल्ट मार्ग ठेवला असेल तर तो लाइन तुटल्यावरही तसाच राहतो आणि प्रत्येक जोडणी आधी अंधारात हात मारते. म्हणून तो स्थिर मार्ग काढून टाकला, आणि महिन्यातून एकदा पहाटे मुख्य लाइनचं व्हीसिक्स सेशन मुद्दाम पाडून सावद्याच्या एका घरच्या फोनवरून पानं उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचं ठरलं आहे. राखीव लाइनवर व्हीसिक्स येईपर्यंत ही चाचणी चालू राहील.